थारोळ्यातलं जहाज

मोटेचं पाणी जिथं आदळायचं
त्या काळ्या दगडात पणजोबांनी जहाज कोरलंय.
चार धुराडी. पुढं एक तोफ, मागं एक.
बाकीच्या तोफा कुशीत, पाण्याच्या इतक्या जवळ
की लाट आली तर दारं मिटून घ्यावीत.
छिन्नी वडारवाड्यातून मागून आणलेली,
हात खेचरं हाकणाऱ्याचा.

निमसोडपासून समुद्र कुठल्याही बाजूनं लांब.
आमची येरळासुद्धा जवळच्या समुद्राकडं पाठ करून जाते,
तीही सालातून दोन-तीन महिने.

ज्योत्याजी पणजोबा सुवेझला जाऊन आले, सोळा साली.
गावानं विचारलं, बोट केवढी?
म्हसोबाच्या माळापासून मारुतीच्या पारापर्यंत.
आणि धूर?
चार गुऱ्हाळं एका रांगेत पेटल्यागत.
नाव?
नाव त्यांना वाचता आलं नव्हतं.

मोट ओतली की जहाज बुडायचं.
पाणी पाटाला लागलं की परत वर.
असं दिवसातून शंभरदा,
आणि बैलं आपली मागंपुढं, मागंपुढं.

मी नववीला भूमिती शिकवते.
एका दिवाळीच्या सुट्टीत पट्टी घेऊन थारोळ्यात बसले,
धुराड्यांमधली अंतरं मोजली,
जुन्या आराखड्यांशी ताडून पाहिली.
सापडलं. चिलखती क्रूझर. एका वर्गात सहा.
सारख्या जहाजांना इंग्रज बहिणी म्हणतात.
क्रेसी, होग, अबुकिर, बखान्ते, युरिआलस,
आणि सतलज : आपली एक नदीही
त्यांनी नेऊन त्यांच्यात बसवलेली.
कमरेला सहा इंच पोलाद, पोटात तीस बॉयलर.
कमरेखाली, पाण्यात, पातळ पत्रा.

चौदा साल, सप्टेंबर, उत्तर समुद्र.
पहाट सरताना अबुकिरला धक्का बसला.
होग थांबली, होड्या सोडल्या, माणसं ओढून घेऊ लागली.
होगला धक्का.
क्रेसी थांबली.
एकच पाणबुडी. दीड तास. चौदाशे एकोणसाठ माणसं.
त्यांत पंधरा वर्षांची शिकाऊ पोरं,
माझ्या मागच्या बाकावर बसतात तेवढी.

इथं मी पुस्तक मिटलं.

कारण बहात्तर साली, याच विहिरीत,
गाळ काढताना इंजिन आतच चालू ठेवलेलं.
यदू उतरला, तो हाकेला ओ देईना.
रामू उतरला, भावाला बघायला.
कासम मुलाणी म्हणाला, इंजिन माझं हाय, बंद करून येतो.
विहीर कोरडी होती.
बुडायला पाणी नव्हतं.

चौथे अण्णा. माझे वडील.
चप्पल काढून पहिल्या पायरीवर पाय ठेवला
तेवढ्यात गावानं त्यांना मागं ओढलं
आणि मोटेच्या जुन्या नाड्यानं
धावेवरच्या बाभळीला बांधून घातलं.
आधी ते शिव्या देत होते.
मग नुसते बघत.

त्या सकाळीनंतर आरमारानंही हुकूम काढला :
बहीण बुडत असली तरी मोठ्या जहाजानं थांबायचं नाही.
हुकूम बरोबर होता.
नाडाही बरोबर होता.
गावात त्यांना कुणी भित्रा म्हटलं नाही,
म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं आई एकदा म्हणाली.

दर पाडव्याला अण्णा काथ्या घेऊन थारोळ्यात बसायचे.
मोट कधीच गेली होती, पाणी पाइपातनं जायचं,
जहाज कोरडं पडलेलं.
तरी घासायचे. आम्हाला वाटायचं, आजोळ्या-पणज्याची आठवण.

उरलेल्या तिघी बहिणी बुडाल्या नाहीत.
लढाई संपल्यावर भंगारात गेल्या, वजनावर.
पणजोबांनी पाहिली ती त्यांतलीच एक,
बहुतेक युरिआलस.
बहुतेक. याहून जास्त मला सिद्ध करता येत नाही.

अण्णा गेल्यावरच्या पाडव्याला काथ्या मी घेतला.
तोफा स्वच्छ, नाळ स्वच्छ, तीन धुराडी स्वच्छ.
चौथ्याला त्यांनी कधी हातच लावला नव्हता.
त्यावर दगडफूल चढलंय, जाड, राखाडी,
कडेनं वर वर पसरलेलं,
धूर निघावा तसं.

राहू दिलं.